दोन्ही पद्धती आदेशार्थ सादर

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला भारत आणि ब्रिटन यांच्या राज्यपद्धतींची तुलना करणारा निबंध लिहायचा होता. तो चांगला झाला तरच राज्यशास्त्राच्या ऑनर्सला घेणार होते. मला ऑनर्स हवं होतं. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. ऑनर्स म्हणजे काय, असं आईने विचारलं तेव्हा मला नीट सांगता आलं नाही.

बाबा सेक्टर तीसमधल्या एका केंद्र सरकारी कार्यालयात शिपाई आहेत. त्यांच्या नोकरीमुळेच आम्ही अकोल्याकडून चंदीगडला आलो. फायली या खोलीतून त्या खोलीत नेणं आणि साहेबांना चहा देणं हे त्यांचं काम. त्यामुळे महत्त्वाचं लिखाण कसं दिसतं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. रजेचा अर्जसुद्धा ते डावीकडे रुंद समास सोडून, परिच्छेदांना आकडे घालून लिहितात.

निबंध लिहिताना एका जागी मी अडले. ब्रिटनची राज्यघटना एका पुस्तकात लिहिलेलीच नाही.

"मंग तिकडच्या साहेबाले नियम दाखवाचा कुठून?" बाबांनी विचारलं.

"बरंचसं रिवाजानं चालतं म्हणतात."

"मंग आमच्या चहासारखंच हाये. पहिला कप कोणाले द्याचा, हे कुठं लिवलं नाही. पण आजवर चुकलो नाही."

हे मी निबंधात घातलं नाही. ते पुस्तकात नव्हतं.

मी हिंदीत सव्वीस मुद्दे लिहिले. शेवटी, बाबांच्या फायलींत असतं तसं, लिहिलं, 'उपरोक्त को ध्यान में रखते हुए दोनों पद्धतियाँ आपके अवलोकनार्थ व आदेशार्थ सादर प्रस्तुत.' मला ते व्यवस्थित वाटलं.

आठवड्याने निबंध परत मिळाले. माझ्या निबंधावर गुण नव्हते. शेवटच्या ओळीखाली सरांनी लाल शाईने फक्त 'चर्चा करें' लिहिलं होतं. शेजारच्या मैत्रिणीने वाकून पाहिलं.

"मॅडम जी, फाइल नंबर डालना भूल गईं," ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून हळूच म्हणाली, "यार, नंबर नहीं दिए मतलब गया."

मलाही तसंच वाटलं. घरी आल्यावर कागद बाबांच्या हातात दिला आणि तोंड धुवायला गेले. परत आले तर ते खुशीत होते.

"रडून काऊन रायली? 'चर्चा करें' म्हणजे साहेबानं बोलावलं. नापास कराचं असतं तं बोलावलं नसतं. उद्या केबिनमधी जाय. दार वाजवून जाय."

दुसऱ्या दिवशी मी दार वाजवून गेले.

"अच्छा लिखा है," सर म्हणाले. "पर बेटा, तुम्हें क्या लगता है? कौन-सी पद्धति बेहतर है?"

मी म्हणाले, "सर, वो तो आप तय करेंगे."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. मी बसले आणि चहाच्या कपाचं सांगितलं. रिवाज चुकत नाही हे खरं. पण पहिला कप बाबांना कधीच मिळत नाही, आणि का, असं विचारायला नियमही नाही. म्हणून मला लिहिलेली घटना बरी वाटते, असं मी भीतभीत म्हणाले.

"यही लिखो. सोमवार तक. तुम्हारा नाम मैं ऑनर्स की लिस्ट में रख रहा हूँ."

रविवारी मी सत्ताविसावा मुद्दा लिहिला. बाबांनी चष्मा लावून तो वाचला आणि पहिल्याच दोन शब्दांवर बोट ठेवलं. 'मेरे मत में.'

"हे खालच्यानं लिवलं तं चालते?"

"सरांनीच सांगितलं."

त्यांनी तो मुद्दा पुन्हा एकदा वाचला. मग खिशातलं पेन काढून माझ्यापुढे ठेवलं.

"मंग सही नीट कर. नाव वाचता आलं पायजे."