धुण्याच्या दगडावरचे डाग

लोहा-कंधारच्या शिवारात मी हातोडा घेऊन फिरायचे, तेव्हा लोक मला विहिरीचं पाणी बघणारी बाई समजत. मीही समजू द्यायचे. निदान चहा तरी मिळे. खरं काम सांगायला वेळ लागायचा. आपला काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. त्याच्या कितीतरी खाली जे कवच आहे ते कशाचं, जुन्या ग्रॅनाइटचं की तळाशीच साचून राहिलेल्या लाव्हाचं, हा माझा पीएचडीचा विषय. तिथवर कोण खणणार? पण वर येता येता लाव्हा कधी कधी तिथला एखादा तुकडा पोटात घेऊन येतो. तसला तुकडा सापडला नाही तर माझा प्रबंध म्हणजे नुसत्या गप्पा, असं सरांनी तोंडावर सांगितलं होतं.

तो मला कंधारजवळ एका शेतातल्या घराच्या हौदापाशी दिसला. धुण्याचा काळाकुळीत दगड आणि त्यात मुठीएवढे गुलाबी-पांढरे ठिपके. मी मुळातच उतावळी, हातोडा उचललासुद्धा.

"काय करून राहिल्या, ताई?" धुणं पिळणारी त्या घरची सून म्हणाली. "धुण्याचा दगड हाय त्यो."

मी वरमले. मग ठिपक्यावर बोट ठेवून तिला सगळं समजावलं, हा खालचा खडक, लाव्हानं वर आणलेला.

"म्हंजी हे डाग न्हाईत?" तिनं हातातला पिळा खाली टाकला. "आत्याबाई, इकडं या. लग्न झाल्यापासून मला हे राखेनं घासायला लावून राहिल्या तुमी."

सासू आली. वाकून तिनं नखानं ठिपका खरवडला, पदर तोंडाला लावला आणि हसायलाच लागली. "मला बी माह्या सासूनं हेच लावलं व्हतं." आम्ही तिघी हौदाच्या काठावर बसून पोट दुखेपर्यंत हसलो. इतकी मी कित्येक महिन्यांत हसले नव्हते.

हसू ओसरलं तसा माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. दगड फुटला तर यांनी धुणं कशावर धुवायचं? सासूनं दगडाभोवती एक फेरी मारली आणि कडेचा ठिपका दाखवला. "ह्यो न्या. मधले न्हाईत."

मी जपून घाव घातले. तुकडा अख्खा हातात आला. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली त्यात गार्नेट या खनिजाचे लालसर दाणे दिसले. खूप खोल दाबाखाली भाजून निघालेला, लाव्हाहून कितीतरी जुना खडक होता तो, आणि माझा प्रबंध त्याच्यावरच उभा राहिला. त्या दुपारी मात्र मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी तुकडा छातीशी धरून आनंदानं रडत होते.

सासूचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती दगडाच्या कोऱ्या काळ्या कडेवरून हात फिरवत होती.

"बघ," ती सुनेला म्हणाली, "निघतो का न्हाई डाग?"