मिनिटाला चव्वेचाळीस

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेत, अठरा हजार फुटांवरच्या एका चौकीवर होती. आम्ही नऊ जण. मी नायब सुभेदार, चौकीचा कमांडर. रेडिओ ऑपरेटर नाईक प्रकाश सोनावणे, टिटवाळ्याचा. मी विठ्ठलवाडीचा, म्हणजे शेजारीच म्हणायचं.

रोजचं काम ठरलेलं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज राहणं, मग बर्फ उपसणं, दर दोन तासांनी बटालियनला रिपोर्ट.

एका सकाळी नऊ वाजता प्रकाशच्या खोकल्यातून गुलाबी फेस आला. फुफ्फुसांत पाणी भरलं की असं होतं. ऑक्सिजन लावला. त्याला तातडीने खाली न्यायला हवं होतं, पण ढग उतरले होते आणि हेलिकॉप्टर येणं शक्य नव्हतं. रेडिओवर आमचे डॉक्टर कॅप्टन होते.

“पेशंटचा श्वास किती? ओव्हर.”

“मिनिटाला छत्तीस, सर. ओव्हर.”

“दर दहा मिनिटांनी मोजून कळवा. ओव्हर.”

त्याच्या छातीवर हात ठेवून मी मोजत राहिलो. दुपारी दोनला चव्वेचाळीस. चार वाजून पाच मिनिटांनी मोजायला काही उरलं नाही. हेलिकॉप्टर दुसऱ्या सकाळी आलं.

वर्षभराने पेन्शनवर घरी आलो. सव्वीस वर्षं एक दिवस दाढी चुकवली नव्हती, ती सुटली. दिवसभर गॅलरीत बसून राहायचो, ताटात येईल ते चव न कळता गिळायचो. प्रकाशची बायको वैशाली फोन करायची. मी उचलायचो नाही.

एके दिवशी माझी बायको सुजाता समोर येऊन उभी राहिली. “चला. कल्याणला डॉक्टरांची वेळ घेतलीय.”

“मी काय वेडा झालोय?”

“गुडघा दुखला असता तर गेला असतात ना? मग उठा.”

डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं. गोळ्या दिल्या. महिन्याभराने म्हणाल्या, “आता जोडीला योग सुरू करा. पण योग करताय म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. आणि गोळ्या आहेत म्हणून योग चुकवायचा नाही.”

स्पष्ट ऑर्डर होती. कित्येक महिन्यांनी कुणीतरी ऑर्डर दिली होती.

वर्ग पेंडसे बाईंचा. शाळेतून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या, ताठ कण्याच्या. पहिल्याच सकाळी म्हणाल्या, “डोळे मिटा. आपापला श्वास मोजा.”

मी चारपर्यंत मोजलं आणि उठून अनवाणीच बाहेर आलो. बाई मागोमाग जिन्यात आल्या. तिथे पायरीवर बसून मी पहिल्यांदा कुणाला तरी सगळं सांगितलं.

त्यांनी सांत्वन केलं नाही. म्हणाल्या, “तुम्ही मोजायचं नाही. डोळे उघडे ठेवा. हात वर नेताना श्वास आत, खाली आणताना बाहेर. एवढंच करा.”

“नाही जमलं तर?”

“तर उद्या पुन्हा या.”

रोज साडेसहाला हजर राहिलो. काही दिवस नुसता सतरंजीवर बसून परत आलो. तिसऱ्या महिन्यात एकदा जेवताना म्हणालो, “भाजी अळणी झालीय.” सुजाता मीठ आणायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. आली तेव्हा डोळे लाल होते. “बरं झालं बोललात,” एवढंच म्हणाली.

पुढे एका सकाळी आपणहून डोळे मिटले आणि श्वास मोजले. शंभरपर्यंत. जागचा उठलो नाही. डॉक्टरांनी हळूहळू डोस कमी करायला सुरुवात केली. त्याच आठवड्यात मी वैशालीला फोन केला आणि रविवारी टिटवाळ्याला गेलो.

तिने पाणी दिलं, समोर बसली. “भाऊजी, मला एकच विचारायचं होतं. शेवटी काही बोलले का ते?”

मी खरं ते सांगितलं. “माझा हात त्याच्या छातीवर होता. मास्क बाजूला करून म्हणाला, ‘साहेब, चहा उतू जातोय.’ स्टोव्हवर पोरांचा चहा होता. त्यानंतर बोलला नाही.”

वैशाली आधी हसली. मग रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “घरातही तसेच. स्वतः तापाने फणफणलेले असले तरी लक्ष सगळं गॅसवर.”

नाईक प्रकाश सोनावणे. वय बत्तीस. असा होता तो.