विनागिअरचं लायसन

दुसऱ्यांचे फॉर्म भरून देणं हा माझा धंदा. घाटंजीत एका ऑनलाइन सेवा केंद्रात मी बसते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारची दुरुस्ती, शिकाऊ लायसन, जे मागाल ते. समोरच्याचं एखादं स्पेलिंग चुकलं तर मी अशी काही झापते की माणूस आपलं स्वतःचं नावही जरा घाबरतच सांगतो. आणि अशा या हुशार बाईच्या दिव्याखाली केवढा अंधार होता, ते एका कॉलेजच्या पोराचा फॉर्म भरताना कळलं.

“कोणतं टाकू? गिअरवालं का बिनागिअरवालं?” मी नेहमीसारखं विचारलं.

“फरक काय असते मॅडम? स्कुटीवर टेस्ट सोपी जाते म्हन्ते, पाय टेकत नाही.”

“स्कुटीवर टेस्ट देल्ली तर स्कुटीच चालवता येईन. मोटरसायकल धरली तर लायसन नसल्यातच जमा,” मी झापलं, आणि माझंच बोट की-बोर्डवर थांबलं. कारण सहा वर्षांपूर्वी यवतमाळला मीही मैत्रिणीच्या स्कुटीवरच टेस्ट दिली होती. एजंट म्हणाला होता, “ताई, लायसन ते लायसन. टू-व्हीलरचं म्हन्जे टू-व्हीलरचं.” पोरगा गेल्यावर पर्समधून कार्ड काढलं. इंग्रजी अक्षरांच्या त्या गिचमिडीत एक ‘ओ’ होता, ‘विदाउट गिअर’मधला. त्या एका गोल अक्षरानं माझी गाडी विनागिअरची झाली होती. आणि मी रोज गावाहून बारा किलोमीटर येत होते ती बाबांच्या मोटरसायकलवर, चांगले चार गिअर टाकत.

दंड मला पाठ होता, लोकांना मीच सांगायचे. पाच हजार चालवणाऱ्याला, पाच हजार गाडी देणाऱ्या मालकाला. माझे पाच हजार मी कसेही भरले असते. मला मरणाची भीती वाटली ती मालकाच्या दंडाची. माझे बाबा एसटीचे ड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षांत एक अपघात नाही, एक केस नाही, साधी पावतीसुद्धा कधी फाटली नाही. रिटायर व्हायला आठ महिने उरले होते. घरातून निघताना ते खिसा चाचपायचे आणि म्हणायचे, “कागद पह्यले, गाडी मंग.” माझं कार्ड पोस्टानं आलं तेव्हा त्यांनी हातात घेऊन फक्त फोटो बघितला होता आणि “बरा आला वं” म्हणाले होते. पोरगी फॉर्म भरणारी, तिचा कागद काय तपासायचा?

त्याच संध्याकाळी त्यांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. लाज वाटली. गुपचूप गिअरचं लायसन जोडून घेऊ असं ठरवलं, पण त्यासाठी पुन्हा शिकाऊ, पुन्हा यवतमाळ, पुन्हा टेस्ट, आणि सुट्टी मागायची तर कारण सांगावं लागणार. आज करू, उद्या करू म्हणत चार महिने गेले.

ते चार महिने मी भीतीतच गाडी चालवली. आधी जो रस्ता मी गाणी म्हणत कापायचे त्यावर आता प्रत्येक पांढरा शर्ट पोलिसाचा दिसायला लागला. एकदा तर दूधवाल्याला बघून मी गाडी शेताकडच्या पांदणीत घातली आणि चिखलात रुतून बसले. समोरून येणाऱ्यानं दिवसा लाइट मारला की पुढे चेकिंग आहे असा आपल्याकडचा इशारा. कोणाचा लाइट चुकून चालू राहिला असला तरी मी गाडी कडेला घ्यायचे. जेवताना बाबा ड्यूटीवरच्या गमती सांगायचे आणि मी ताटात बघून भाकरी चिवडायचे.

त्या दिवशी केंद्राचे कागद पांढरकवड्याला पोचवायचे होते. हायवेजवळ, वळणाच्या अलीकडे, बॅरिकेड लावलेलं. कोणी लाइट मारला नव्हता. मागे ट्रक, पुढे हवालदार, वळायला जागा नाही. क्लच दाबला की सोडला ते मला आठवत नाही. गाडी बंद पडली ती बरोबर त्यांच्या बुटांसमोर.

“लायसन.”

त्यांनी कार्ड उन्हात धरलं, मग गाडीकडे बघितलं. “मॅडम, हे तं स्कुटीचं आहे. आन् बसल्या फटफटीवर. गाडी कोनाची?”

“बाबाची.”

“बाबानं देल्ली?”

माझं डोकं भलतंच भराभर चाललं. हो म्हटलं की दुसरी पावती बाबांवर. मी म्हटलं, “नाही साहेब. त्यायले माहीत नाही. मी न विचारता आणली.”

“मंग चोरीचं लिवू काय?” त्यांनी पावतीच्या मशीनवरून डोकं वर काढलं. “लावा फोन बाबाले. स्पीकरवर.”

बाबा तेव्हा पांढरकवड्याच्या स्टँडवरच होते, दोन फेऱ्यांच्या मधे. “जय भीम, बोल वं,” ते म्हणाले. हवालदारांनी सगळं सांगितलं. पोरगी म्हणते, न विचारता आणली. मी मनातल्या मनात विनवत होते, बाबा, हो म्हणा. एकदाच खोटं बोला.

“नाही सायेब,” बाबा म्हणाले. “भेली आसन, म्हून तसं बोलली. चाबी रोज मीच देतो तिले. आन् लायसन आहे ना तिच्यापाशी, पक्कं आहे.”

“आहे, पन बिनागिअरचं.”

 बाबा म्हणाले, “मालक मी आहो. मी पाहाले पाह्यजे होतं. थांबा, येतो.”

वीस मिनिटांनी कोणाच्या तरी मागे बसून ते आले. अंगात खाकी, खिशाला बिल्ला. आयुष्यभर मी त्यांना खाकीत ताठ बघितलेलं. दुसऱ्या वर्दीसमोर उभे राहिलेले ते मला बघवले नाहीत. त्यांनी माझं कार्ड मागितलं, चष्मा लावला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा ते वाचलं. अक्षर न् अक्षर. मग मला विचारलं, “तुले माहीत होतं काय हे?”

हवालदार बघत होते. बाबा बघत होते. 

“नाही,” मी म्हटलं.

आधीचं खोटं मी त्यांच्यासाठी बोलले होते. हे माझ्यासाठी होतं. आणि बाबांनी ते खरं धरलं. हवालदारांकडे वळून, चूक आपलीच असल्यासारखं म्हणाले, “पोरीले माहीत नव्हतं सायेब. तिच्यावर राग नका धरू. दोन्ही पावत्या फाडा.”

ते सही करत असताना घाटंजीकडून एसटी आली. ड्रायव्हर ओळखीचा असणार. समोर आपला माणूस दिसला की हे लोक स्टिअरिंगवरचा हात वर करतात, त्याशिवाय पुढे जात नाहीत. त्यानं हात वर केला, हॉर्नही दिला. बाबांनी मान वर केली नाही. बस वळणापलीकडे जाईपर्यंत ते त्या कागदावर वाकून राहिले, सही केव्हाच झाली होती तरी.

गाडी बाबांनी घेतली आणि मला म्हणाले, “बस मांगं.” ड्यूटीची वेळ होत आली होती, मला स्टँडपर्यंत नेऊन गावाच्या बसमध्ये बसवणार होते. मी मागे बसले. थोडं पुढे गेल्यावर वेग कमी करून, न वळता त्यांनी विचारलं, “लय भेली काय वं?”

“हो,” मी म्हटलं. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले त्यातलं तेवढंच खरं होतं.