जाळीच्या चुकीच्या बाजूला

काकी, मी आयर्लंडला निघालो त्या दिवशी विमानतळाच्या दारात तू माझे पाय धरायला वाकलीस. पुतण्याचे पाय! सगळ्यांसमोर म्हणालीस, "तू व्हतास म्हनून माजा दिनेश जिता हाय." दादाने तुला उठवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी बॅग ढकलत आत पळालो. लोकांना वाटलं, घर सुटतंय म्हणून पोरगा रडतोय. खरं सांगतो, घर सुटलं म्हणून मला हायसं वाटत होतं.

इथे मी म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये ड्यूटी करतो. अंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची. तू तिकडे दिनेशचं जे करतेस तेच, फक्त मला त्याचा पगार मिळतो. नोरा नावाची एक आजी आहे, नजर गेलेली. तिला रोज संध्याकाळी पुस्तक वाचून दाखवतो. बाई देवभोळी, हातातली जपमाळ सुटत नाही, पण पुस्तकं सगळी खुनाची. मुखपृष्ठावर क्रूस आणि त्यावरून ओघळणारं रक्त. प्रत्येकात कुणीतरी मुडदा पाडून चर्चमध्ये येतो, जाळीपलीकडच्या फादरला सांगतो, आणि फादरचं तोंड बंद. वाचताना मी ओळ चुकतो.

कारण आपल्या घरी आम्ही हेच शिकलो. दुपारच्या टीव्हीवरच्या सिनेमात ख्रिश्चन माणूस म्हणजे एक तर दारुडा, नाहीतर गोळी खाणारा फादर. हीरो रक्तबंबाळ होऊन चर्चमध्ये शिरला की दादा उठून शिट्टी मारायचा. खून करून आलेला माणूस त्या लाकडी खोक्यात गुडघे टेकून बोलायचा आणि धुतल्या तांदळासारखा बाहेर यायचा. पोलीस दारात हात चोळत उभे. गावात एकही ख्रिश्चन घर नव्हतं, त्यामुळे हे खोटं आहे असं सांगणारंही कुणी नव्हतं.

त्या शनिवारी उलव्याच्या भरावावर मातीच्या खेपांवरून दिनेशने दादाचा डंपर अडवला. आईबहिणीवरून शिव्या झाल्या. दादाने टायर खोलायचा लोखंडी दांडा काढला. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा जबड्यावर. दात मातीत पडलेले मी पाहिले. तिसरा डोक्यावर. ओला नारळ फुटावा तसा आवाज झाला, काकी. दिनेश पडला, थोडा वेळ पाय झाडत राहिला, मग तेही थांबलं. दादा म्हणाला, "पनवेलला चल. चर्चला. फादरला सांगितला का त्यो कोनाला बोलत नाय." आणि मी, डिप्लोमा झालेला गाढव, बाइकला किक मारली.

चर्चमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेआधी लोक कन्फेशनला, म्हणजे पापं कबूल करायला, येत होते. फादर अजून आले नव्हते. दादा घाईघाईने खोक्यात शिरला आणि थेट खुर्चीवर बसला, फादरच्या जागी. त्याला काय ठाऊक कोण कुठे बसतं! मी शेजारच्या बाकावर. तेवढ्यात एक म्हातारी पलीकडे गुडघ्यांवर टेकली आणि जाळीतून बोलू लागली, "फादर, मी सुनेवर हात उचलला. एक थप्पड मारली. आठ दिवस झोप नाही." बाहीवर दिनेशचं रक्त, आणि दादा तिचं पाप ऐकत बसलेला. त्याने असा हंबरडा फोडला की म्हातारी घाबरून उठली.

फादर आले. ओरडले नाहीत. दादाची बाही पाहिली आणि विचारलं, "ज्याला मारलं तो जिवंत आहे का?"

आम्ही पाहिलंच नव्हतं.

"मग इथे काय करताय? आधी त्याच्याकडे पळा!"

रस्त्यावर येऊन मी ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि सांगितलं, कुठलातरी डंपर उडवून पळाला. तेच पुढे सगळीकडे लिहिलं गेलं. डॉक्टर म्हणाले, आणायला उशीर झाला, मेंदूत रक्त साठलं. तो उशीर आम्ही माफी शोधण्यात केला होता. दिनेशची वाचा गेली, उजवं अंग गेलं, आणि फोन करणारा मी देवमाणूस ठरलो.

परवा नोराला विचारलं, खरंच सांगून मोकळं होता येतं का? ती हसली. म्हणाली, "गाय चोरलीस तर कबुली दे, पण गाय परत नेऊन बांध. ती आपल्याच गोठ्यात ठेवून माफी मागणाऱ्याला देव दारातूनच हाकलतो." पुस्तकवाले नेमकं हेच पान गाळतात.

दादाला फोनवर सांगितलं की काकीला सगळं लिहितोय. तो म्हणाला, "लिवलास तर तुला हितं घर नाय." त्याच्या दोन्ही पोरी शाळेत आहेत, आई त्याच्याकडे आहे. मला हे कळत नाही असं नाही.

इथे मला ऊबदार खोली आहे, खिडकीबाहेर हिरवं रान आहे, पण हे घर नाही. त्या शनिवारनंतर आईच्या हातचं जेवत होतो तेव्हा तेही घर राहिलं नव्हतं. जिथे खोटं न बोलता पानावर बसता येतं ते घर, एवढंच मला आता कळतं. म्हणून पुढच्या महिन्यात येतोय. आधी पोलीस ठाण्यात जाईन, मग तुझ्या दारात. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. पण त्याआधी जे फादरलाही सांगितलं नाही ते ऐक. दिनेश दादाहून दांडगा होता. एकट्या दादाला तो आवरला नसता. त्याचे दोन्ही हात मागून मी धरले होते.