लाइपझिगच्या खोलीत माझ्याआधी आलेला माणूस

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर आजही कुणी असं काही सांगितलं तर मी उलटे चार प्रश्न विचारीन. मटेरियल सायन्स शिकलेली मुलगी मी. आमच्या गावी, मुकुटबनला, कुणाला 'बाहेरचं लागलं' म्हणून लिंबू उतरवत असले की मी दारातूनच परत फिरायची. तरी हे लिहिते आहे... कारण हे माझ्याच बाबतीत घडलं.

माझे बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. बारावीनंतर मी यवतमाळला हॉस्टेलवर गेले, तर ते आदल्या दिवशीच एसटीने एकटे जाऊन खोली पाहून आले. दार, नळ, खिडकी – सगळं तपासलं. खिडकीची कडी हलत होती, ती पक्की केली. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर त्यात थोडा कापूस आणि आगपेटीची काडी कोंबायची, मग स्क्रू पिळायचा, ही त्यांची पद्धत. पुढे मी नागपूरला गेले तेव्हाही तेच. मैत्रिणी हसायच्या, मी चिडायची. ते म्हणायचे, "तू अभ्यास कर. कडी मी पाह्यतो."

मग एक दिवस कामावरच त्यांना अटॅक आला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर सहा महिन्यांनी मला जर्मनीत, लाइपझिगला ॲडमिशन मिळाली. आईने एकच विचारलं, "मले एकटीले टाकून चालली?" मी काहीतरी समजावत राहिले. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललीच नाही. ताट वाढायची, माझे कपडे घडी करून बॅगेत ठेवायची, पण तोंडातून शब्द नाही. विमानतळावर काका सोडायला आले. आई आली नाही.

लाइपझिगला पोचले तो बुधवार होता, दुपारचे दोन-अडीच. बॅगेचं एक चाक तुटलेलं, बारीक पाऊस, आणि मी ट्राम उलट्या दिशेची पकडलेली. कुठल्यातरी स्टॉपवर उतरून बाकावर बसले आणि काकांना फोन लावला.

"पोचले म्हणून सांगा आईला. देता का तिला फोन?"

काका म्हणाले, "वावरात गेली थे."

मागे भांडी घासल्याचा आवाज येत होता. आमच्या घरात भांडी घासणारं दुसरं कुणी नाही. तिथेच, त्या बाकावर, मी ठरवलं – परत जायचं. आठवडाभरात.

विचारत विचारत, जिथे माझी खोली ठरली होती ते घर सापडलं. घरमालकीण फ्राऊ वेबर, म्हणजे वेबरबाई, सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. इंग्रजी मोडकंतोडकं, पण समजेल असं. त्यांनी मला वरची खोली दाखवली आणि म्हणाल्या, "खिडकी आता नीट लागते. दोन वर्षं दुरुस्तीला कुणी मिळत नव्हतं. तुमच्या माणसाला थँक यू सांगा."

"कोणता माणूस?"

"काल सकाळी आला होता तो. मला वाटलं युनिव्हर्सिटीने पाठवला, किंवा तुम्ही. मी म्हटलं, मुलगी उद्या येणार. त्याने मान हलवली आणि सरळ वर गेला."

तो काहीच बोलला नाही म्हणे. दार उघडून-लावून पाहिलं, नळ पाहिला, शेवटी खिडकीशी बसला. त्यांनी कॉफी आणि केक आणून दिला, तर हातानेच नको म्हणाला. पाणी मात्र मागितलं, अंगठा तोंडाकडे नेऊन. "आणि ते असं प्यायला," म्हणत त्यांनी टेबलावरचा ग्लास उचलला, मान मागे टाकली आणि ओठ न लावता वरून पाणी ओतायचा प्रयत्न केला. अर्धं पाणी स्वेटरवर सांडलं. त्या हसायला लागल्या. बाबाही पाणी असंच वरून प्यायचे.

मोबाइलमधला बाबांचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, "खोटं नाही सांगत, चेहरा नीट आठवत नाही. मी त्याचे हातच पाहत होते. काम करणाऱ्याचे हात होते."

त्या खाली गेल्यावर मी खिडकीजवळ गेले. स्क्रू पक्का होता. काढून पाहिला असता तर आत काय आहे ते लगेच कळलं असतं. बॅगेत छोटा पेचकसही होता. पण मी तो बाहेर काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत काकांना फोन केला. म्हटलं, "आईला द्यायची गरज नाही. फक्त स्पीकरवर टाका." आणि सगळं सांगितलं, एका दमात.  

मग आईचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी.

"पाणी पेले म्हणते?"

"हो. वरून."

"जेवाले विचारलं का त्या बाईनं?"

"केक दिला होता गं. नको म्हणाले."

"साखर वाढलती त्याईची," आई म्हणाली आणि रडायला लागली. मी पण. काका मध्येच "अवं, रडून कायले राह्यल्या दोघी," म्हणाले. बऱ्याच वेळाने आईने नाक शिंकरल्याचं ऐकू आलं.

"तू जेवली का?" तिने विचारलं.

मी आदल्या दिवशीपासून काही खाल्लं नव्हतं. तिला "हो" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर खरंच खाली जाऊन फ्राऊ वेबरकडून ब्रेड मागून घेतला. परत जायचा विषय तिथेच संपला.

नंतर मी चौकशी केली, नाही असं नाही. युनिव्हर्सिटीच्या हाउसिंग ऑफिसने कुणालाच पाठवलं नव्हतं. काकांचं म्हणणं, तिथे भारतीय कामगार असतीलच, एखादा चुकून त्या घरी आला असेल. असेलही. लाइपझिगमध्ये आपली माणसं आहेत. पण तो मंगळवारीच का आला, त्याच खोलीत कसा गेला, आणि पैसे न घेता निघून कसा गेला, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही. मी विचारणंही थांबवलंय.

दोन वर्षं होत आली. आई आता रोज फोन करते. सोयाबीनला काय लागलं, शेजारची म्हैस किती दूध देते, कोणाच्या लग्नात काय वाढलं... कधीकधी मलाच म्हणावं लागतं, "आई, लेक्चर आहे, ठेवते." ती म्हणते, "बरं, ठेव," आणि मग अजून दहा मिनिटं बोलत राहते.