नमुन्याचा तुकडा

हाटकेश भागातल्या गाळ्यात माझं फोटो कोरायचं लेझरचं मशीन आहे. लोकांना त्यात जादू वाटते. जादूबिदू काही नाही. डब्यात नखाएवढे दोन आरसे असतात. एक किरणाला आडवं फिरवतो, दुसरा उभं, आणि ओळीखाली ओळ टाकत फोटो उमटत जातो. मशीन कधी त्रास देत नाही, गिऱ्हाईक मात्र डोकं खातं. "भाईसाब, थोडा गोरा कर दो ना," हे ऐकलं की माझं टाळकं सरकतं. मेलेल्या माणसालाही लोक गोरं करून मागतात.

ती आली तेव्हा मी आधीच वैतागलेलो होतो. चौक गावच्या कोळीवाड्यातून आलेली, तिशीतली ख्रिस्ती बाई. नवऱ्याचा लग्नातला फोटो तिने रुमालात गुंडाळून आणला होता. रविवारी त्याची वर्षाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना होती, त्याआधी थडग्यावर काळा दगड बसवायचा होता.

"समुद्रात गेले का?" मी विचारलं. कोळी माणूस म्हणजे समुद्रच, असं आपण धरूनच चालतो.

"न्हाय. कावीळ झाली." मग फोटो माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "दादा, चेहरा त्याचाच झाला पायजे. दुसरा फोटो न्हाय. हल्ली कधी कधी मनाच तो नीट आठवत न्हाय."

माझा वैताग कुठल्या कुठे गेला. "बसा ताई, होईल," म्हणालो.

मोठ्या दगडाआधी त्याच ग्रॅनाइटच्या तुकड्यावर मी नमुना काढतो. आठवडाभर लाकडाच्या ट्रॉफ्या चालल्या होत्या. लाकडावर लेझर लागेल तिथे काळं पडतं. काळ्या दगडावर लागेल तिथे पांढुरकं होतं. म्हणून दगडासाठी फोटो उलटा, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं, करून घ्यावा लागतो. बोलण्याच्या नादात तेच राहिलं. तुकडा बाहेर काढला तर नवरदेवाचा चेहरा काळा, आणि केस, भुवया, मिशी, बुबुळं सगळं पांढरंफटक.

"सॉरी ताई, हा खराब झाला. दुसरा काढतो," म्हणत मी तो भंगारात टाकायला उचलला.

तिने तो माझ्या हातातून घेतला. अंगठ्याने ते भयाण डोळे झाकले आणि नुसते केस बघत राहिली.

"म्हातारा झाला असता तर असाच दिसला असता, न्हाय?"

मी मशीनकडे वळलो, फोटो उलटा केला, मोठा दगड लावला. या वेळी काम नीट झालं. काळेभोर केस, कोवळी मिशी, हसू दाबलेलं. तिने पदराने दगड पुसला आणि म्हणाली, "ह्योच."

रिक्षात दगड ठेवून दिला. तो तुकडा तिने स्वतःच्या पिशवीत घातला होता. मला राहवलं नाही. "तो कुठे लावणार, ताई?"

"लावनार न्हाय, कपाटात ठेवीन," ती म्हणाली. "थडग्यावर तो तरनाच राहनार. मी मात्र म्हातारी व्हनार. तेव्हा याला भायेर काढीन."