टेकडीमागचं रीठ

आमचं शहर टेकड्यांच्या पायथ्याशी आहे. भूगोलाचा मास्तर म्हणून मी दरवर्षी सातवीच्या पोरांना मोठ्या टेकडीवर न्यायचो. माथ्यावर उभं राहिलं की धडा आपोआप समजायचा. एका उताराचं पाणी पैनगंगेकडे जातं, दुसऱ्याचं काटेपूर्णेकडे. ओढा जिथे सपाटीला लागतो तिथे शहर बसलेलं. आधी बाजार भरायचा, मग शिरपूरला जाणारे यात्रेकरू मुक्काम करू लागले, मग कापसाचं जिनिंग आलं. आमचा इतिहास एवढाच.

टेकडीच्या मागच्या अंगाला रीठ आहे. उजाड झालेल्या गावाच्या जागेला आमच्याकडे रीठ म्हणतात. पांढऱ्या मातीचे उंचवटे, बाभळी, शेंदूर फासलेला मारोती आणि बिनकठड्याची विहीर. एके वर्षी विहिरीत डोकावताना एक पोरगा घसरला. सदऱ्याची कॉलर हाताला लागली म्हणून तो वाचला. त्यानंतर मी तिथे पाऊल टाकलं नाही आणि पोरांनीही टाकू नये म्हणून एक गोष्ट रचली.

माथ्यावरून बोट दाखवून मी सांगायचो, हे गाव पटकीच्या साथीत एका रात्रीत मेलं, रडायलासुद्धा कोणी उरलं नाही. एका घरातला पाळणा मात्र अजून हलतो. पोरं मागे सरकायची. गोष्ट लागू पडली म्हणून दरवर्षी सांगत गेलो, आणि मी निवृत्त झाल्यावर दुसरे सांगू लागले.

खरं मला ठाऊक होतं. वरच्या अंगाला तलावासाठी तिकडचा ओढा अडवला, विहीर आटली, तेव्हा एकेक घर आपली दारं-चौकटी बैलगाडीत घालून शहरात उतरलं. माझ्या वडिलांनी त्या गाड्या येताना पाहिल्या होत्या. ती माणसं शहराच्या कडेला राहिली. त्यांची नातवंडं आता ऊसतोडीला जातात.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्यातली एक म्हातारी माझ्या दारात आली. पायरीवर बसली, पाणी मागितलं. तिच्या नातीची सोयरीक केनवडला जुळली होती. सुपारी फुटायच्या आधी मुलाच्या बापाला कळलं की हे लोक रिठावरचे, आणि त्याने नकार कळवला. मेलेल्या गावची पोरगी घरात नको.

"मास्तर, तुमी म्हनता आमच्या गावात कोनी उरलं नाही," ती म्हणाली. "मंग मी कोन आहो?"

ती म्हणाली, केनवडले चाला अन खरं काय ते तुमच्याच तोंडानं सांगा. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने गेलो. म्हातारी स्टँडवरच थांबली. बोलावल्याशिवाय सोयऱ्याच्या दारात जायचं नाही म्हणाली.

मुलाचा बाप माझाच विद्यार्थी निघाला. पाया पडला, चहा सांगितला. मी सगळं सांगितलं, विहीर, घसरलेला पोरगा, रचलेली गोष्ट. तो मान खाली घालून ऐकत होता. मग हळू आवाजात म्हणाला,

"तुमी खोटं सांगतलं असन, सर. पन मले तवा पाळना हालतानी दिसला होता."

मी म्हणालो, अरे, तिथे पाळणा नव्हताच.

"मले दिसला ना, सर."

पोरगी चांगली आहे, त्यांच्याबद्दल माझं वाईट मत नाही, असं तो दोनदा म्हणाला. पण नकार तोच राहिला. निघताना तो मला स्टँडच्या अलीकडे फाट्यापर्यंत सोडायला आला, आणि सबंध वाटेत आम्ही दोघे पिकापाण्याचं बोलत होतो.

गाडीत म्हातारीने विचारलं, काय म्हनला. त्याला पाळणा दिसला होता, असं मी सांगितलं.

"आमच्यात पाळना कोनाच्या घरी होता?" ती म्हणाली. "लेकराले लुगड्याची झोयी राहे."

सोयरीक मोडली ती मोडलीच.

आषाढात आखाडीच्या सणाला म्हातारी दरवर्षी रिठावरच्या मारोतीला निवद नेते. संध्याकाळी तिथे दिवा दिसला की शहरातले लोक नजर फिरवतात. या वर्षी तिने मला बरोबर बोलावलं. नात निवदाचं ताट घेऊन आली होती. रिठाच्या शिवेवर म्हातारी पुढे निघाली, मी तिच्या मागे. नात जागीच थांबली. तिने ताट माझ्या हातात दिलं. तीही आमच्याच शाळेत शिकलेली.

"सर, तिथं पाळणा नाही ना?" तिने विचारलं.

मी नाही म्हणालो. तिने मान हलवली. पण ती माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या खांद्यावरून बाभळींमध्ये कुठेतरी तिची नजर गेली होती, आणि तिचे डोळे एका लयीत इकडून तिकडे जात होते.